फोर्टातली कॉलेजं कॉलेजंच राहू द्या

दर पावसाळ्यात मुंबईच्या फोर्टातल्या कुठल्या तरी जुन्या इमारतीचा सज्जा नाहीतर कंगोरा खाली येतो आणि तोच वाद नव्याने पेटतो. एका बाजूचं म्हणणं, साहेबाने बांधलेली ही ओझी किती दिवस वाहायची? पाडा आणि मोकळे व्हा. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, हा जागतिक वारसा आहे. आतली कार्यालयं, वर्ग, कपाटं आणि माणसं बाहेर काढा, दगड धुऊन घ्या, संध्याकाळी दिवे सोडा, संग्रहालय करा. दोघंही तावातावाने बोलतात आणि त्या इमारतीत आज सकाळी कोण आलं होतं, कशासाठी आलं होतं, याची चौकशी दोघांपैकी कोणीच करत नाही. विषय कॉलेजच्या इमारतींचा असला की हे विसरणं फार महागात पडतं. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरच्या आवारापासून काळा घोड्याच्या एल्फिन्स्टनपर्यंत आणि जे.जे. कलाशाळेपासून चौपाटीवरच्या विल्सनपर्यंत ज्या जुन्या वास्तूंमध्ये आज शिकवलं जातं, तिथे शिकवलंच जात राहिलं पाहिजे. त्या पाडणं चूक आहे. त्या रिकाम्या करून सजवून ठेवणं हीही तितकीच मोठी चूक आहे, कारण ती वाट फिरून फिरून पाडण्याकडेच जाते.

‘इंग्रजांचा वारसा’ हा आक्षेप सगळ्यांत मोठ्या आवाजात मांडला जातो, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करू. राजाबाई टॉवरचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी इंग्लंडात बसून केला, ते मुंबईत कधी आलेच नाहीत, हे खरं आहे. पण त्यासाठीचा पैसा प्रेमचंद रायचंदांनी दिला आणि मनोऱ्याला नाव त्यांच्या आईचं लागलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने विकला जात होता तेव्हाची ही देणगी. युद्ध संपलं, १८६५ साली बाजार कोसळला, प्रेमचंद स्वतः त्यात बुडाले. मनोरा मात्र १८७८ मध्ये पुरा झाला. शेजारचं दीक्षान्त सभागृह कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीतलं. मनोऱ्यावरचे पश्चिम भारतातल्या जातीजमातींचे दगडी पुतळे घडवले ते रावबहादूर मुकुंद रामचंद्र या इथल्याच अभियंत्याने. थोडं पुढे बोरीबंदरला व्हिक्टोरिया टर्मिनस बांधणाऱ्या स्टीव्हन्सच्या हाताखाली सीताराम खंडेराव आणि माधवराव जनार्दन हे अभियंते होते. पाथरवट, सुतार, गवंडी यांची नावं कुठे कोरलेली नाहीत, पण ते काही बोटीतून आले नव्हते. इतकं सगळं आपलं असलेल्या वास्तूला केवळ आराखड्यावरच्या सहीवरून परकी ठरवायचं का?

शिवाय राज्यकर्त्यांच्या खुणांचं काय करायचं हे या शहराला चांगलं कळतं. काळा घोड्यावर बसलेला सातवा एडवर्ड १९६५ साली उतरवून राणीच्या बागेत नेला. जागेचं नाव काळा घोडाच राहिलं, आणि २०१७ मध्ये तिथे नवा घोडा उभा केला तो पाठीवर कोणालाही न बसवता. व्हिक्टोरिया टर्मिनसला आपण छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव दिलं, त्यासाठी फलाट पाडावे लागले नाहीत. राजा खाली उतरवायचा आणि घोडा ठेवायचा हा शहाणपणा मुंबईने आधीच दाखवलेला आहे.

पण या आक्षेपाचं एक फार खोल रूप आहे आणि ते सहसा कोणी मांडत नाही. ते इंग्रजद्वेषातून आलेलं नाही. ते जोतीराव फुल्यांकडून आलेलं आहे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी विचारलं ते असं, की सरकारची तिजोरी भरते शेतात राबणाऱ्यांच्या करातून, मग तिचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का खर्च होतो आणि रयतेच्या मुलांच्या प्राथमिक शाळा ओस का पडतात? राजाबाई टॉवर पुरा होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. मुंबई विद्यापीठाचे १८६२चे पहिले चार बी.ए. कोण? महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे, वामन आबाजी मोडक. माणसं थोर होती, रानडे-भांडारकरांशिवाय महाराष्ट्राचं एकोणिसावं शतक सांगताच येत नाही. पण ही चार नावं एका ओळीत वाचली की त्या दारातून आत कोणाला जाता येत होतं ते लख्ख दिसतं. मनोऱ्यावरचे ते पुतळे पुन्हा एकदा बघा. ज्या जातींची माणसं दगडात कोरून बाहेरच्या कोपऱ्यांवर शोभेला लावली, त्यांतल्या बहुतेकांची मुलं आतल्या वाचनालयात बसलेली त्या काळी दिसली नसती. एखादा म्हणाला की या वास्तू माझ्या पूर्वजांच्या घामावर उभ्या राहिल्या आणि माझ्याच पूर्वजांना बाहेर ठेवत राहिल्या, मग मी त्यांच्यासाठी का रडू, तर त्याला ‘वारसा’ हा शब्द ऐकवून गप्प करता येत नाही, आणि करूही नये.

त्याला माझं उत्तर एवढंच आहे की ते दार पुढे उघडलं, आणि ते कोणी मेहेरबानी म्हणून उघडलेलं नाही. गिरणगावातल्या चाळीच्या छोट्या खोलीतून, सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, एक विद्यार्थी काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजात येऊन बी.ए. झाला. त्यानेच पुढे १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले, आणि ते कॉलेज आजही फोर्टातल्या बुद्ध भवनात आणि आनंद भवनात भरतं. बाबासाहेबांना कॉलेजसाठी शहराच्या कडेला स्वस्तातली जागा चालली असती. पण जिथे बँका, कचेऱ्या, न्यायालय आणि विद्यापीठ आहे त्या फोर्टाच्या ऐन मध्यावर आपल्या मुलांनी वह्या घेऊन यावं, याला अर्थ होता. फुल्यांनी मांडलेल्या तक्रारीचं निवारण व्हायला पाऊणशे-शंभर वर्षं गेली. आज त्या दगडी जिन्यांवरून दिवा, नालासोपारा, अंबरनाथहून आलेली मुलं चढतात, त्यांतल्या कित्येकांच्या घरात कॉलेजात जाणारी ही पहिलीच पिढी आहे. आणि नेमकं आताच आपल्याला आठवलं की ही वास्तू फार मौल्यवान आहे, इथे वर्ग भरवणं तिला झेपत नाही? ज्यांना शंभर वर्षं दाराबाहेर ठेवलं ते आत पोचले, तर आता त्यांना तिकीट काढून बघायला या म्हणायचं? मला हा विचार अन्यायाचा वाटतो, आणि तो मांडणाऱ्यांचा हेतू कितीही चांगला असला तरी अन्यायाचाच वाटतो.

संग्रहालयवाल्यांचा आवडता दाखला केंब्रिजचा असतो. कॅम नदीच्या काठावरची ती कॉलेजं बघा, पाचशे वर्षांचे दगड कसे जपलेत, आणि आपल्याकडे बघा! दाखला चांगला आहे, फक्त तो अर्धाच सांगितला जातो. किंग्ज कॉलेजचं चॅपल १४४६ साली पायाभरणी होऊन १५१५ च्या सुमाराला उभं राहिलं आणि तिथे आजही रोजची प्रार्थना होते, गाणारी मुलं तिथलीच. ट्रिनिटीचं रेन यांनी बांधलेलं वाचनालय १६९५ पासून वाचनालयच आहे. जुन्या चौकांभोवतीच्या खोल्यांत विद्यार्थी राहतात, जुन्या भोजनगृहात जेवतात, पर्यटकाला ठरल्या वेळी ठरल्या वाटेने आत सोडतात आणि परीक्षेच्या दिवसांत कित्येक ठिकाणी तेही बंद. म्हणजे ज्या गावाचं उदाहरण देऊन आपण मुलांना बाहेर काढायला निघालो आहोत, त्या गावाने मुलांना आत ठेवून पर्यटकांना बाहेर थांबवलं आहे.

त्याच नदीवर क्वीन्स कॉलेजचा एक लाकडी पूल आहे, गणिती पूल म्हणून प्रसिद्ध असलेला. तो १७४९ सालचा. १८६६ मध्ये त्याची मोठी दुरुस्ती झाली, आणि १९०५ मध्ये तर तो त्याच आराखड्याने नव्या लाकडात पुन्हा बांधला. आज लोक ज्यावरून चालतात त्यातलं लाकूड १७४९चं नाही, तरी पूल तोच आहे, कारण आराखडा तोच, जागा तीच आणि काठावरच्या कॉलेजची ये-जा तीच. यात आपल्याला अनोळखी असं काही नाही. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार करताना कधी कोणी देवाची पूजा कायमची थांबवून गाभाऱ्याला दोरी बांधली आहे का? वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव आणि तिथलं देऊळ अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामा कामतींनी पुन्हा उभं केलं ते लोकांनी तिथे स्नानाला, श्राद्धाला, दर्शनाला यावं म्हणून, आणि तिथे लोक अजून येतात. वास्तू दुरुस्त करत करत वापरायची ही रीत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. रिकामी करून काचेत ठेवायची रीत नवी आहे.

केंब्रिजच्या दाखल्यात आणखी एक गोष्ट गाळली जाते, ती पैशाची. तिथल्या श्रीमंत कॉलेजांकडे शतकानुशतकांच्या जमिनी आहेत. ट्रिनिटीने १९३३ साली विकत घेतलेल्या जमिनीवर आज फेलिक्सटो बंदराचा मोठा भाग उभा आहे. दगड टिकतात ते भाड्याच्या उत्पन्नावर. आपल्या सरकारी कॉलेजाला पंखा दुरुस्त करायचा तरी प्रस्ताव पाठवावा लागतो. हा फरक मोठा आहे आणि तो मी नाकारत नाही. त्याच्याकडे पुढे येतो.

आधी रिकामं करण्याचा परिणाम काय होतो ते आपल्याच शहरात बघू. गिरणगावातल्या गिरण्या १९८२च्या संपानंतर एकेक करून थंडावल्या. जोवर भोंगा वाजत होता, तीन पाळ्या चालत होत्या, तोवर त्या जमिनीला हात लावायची कोणाची टाप नव्हती. यंत्रं थांबल्यावर आधी ‘पडून असलेली जागा’ हा शब्द आला, मग १९९१ची विकास नियमावली आली, गिरणीच्या जमिनीचा एकेक तिसरा हिस्सा मोकळ्या जागांना आणि परवडणाऱ्या घरांना द्यायचा या तिच्यातल्या हिशेबातून थोडीफार आशा होती ती २००१च्या दुरुस्तीने संपवली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयात त्या दुरुस्तीवर शिक्कामोर्तब झालं. आज लोअर परळला एखादं धुरांडं मॉलच्या आवारात जपून ठेवलेलं दिसतं, रंगवलेलं, खाली बाकडी. धुरांडं वाचलं आणि ज्यांच्यासाठी ते धूर सोडायचं ते बदलापूरला गेले. इमारतीतलं काम थांबलं की तिच्या बाजूने भांडणारी माणसंच उरत नाहीत, हे गिरणगावाने पुरेसं शिकवलेलं नाही का?

‘पण कायदा आहे ना, यादी आहे ना?’ असं कोणी म्हणेल. आहे. वारसा वास्तूंसाठी नियम करणारी मुंबई ही देशातली पहिली नगरी, १९९५ साली. सहाशेंहून जास्त वास्तू आणि परिसर त्या यादीत श्रेणीवार बसवले. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाच्या पूर्वेकडच्या गॉथिक आणि पश्चिमेकडच्या आर्ट डेको इमारतींना युनेस्कोची मान्यता मिळाली. या सगळ्याचं मोल आहे. यादी नसती तर यातलं निम्मं आज दिसलं नसतं. तरीही काळा घोड्याला उभं राहून समोरच्या एस्प्लनेड मॅन्शनकडे बघा. हे जुनं वॉटसन्स हॉटेल. इंग्लंडात ओतलेले लोखंडी खांब-तुळया जहाजाने आणून १८६०च्या दशकाच्या शेवटी उभारलेलं, ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ते. यादीत आहे, जागतिक वारशाच्या परिसरात आहे, जगातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीतही एकदा जाऊन आलं. २००५ मध्ये त्याचा भाग कोसळून माणूस दगावला, २०१९ मध्ये ते रिकामं करावं लागलं, आणि तपासणाऱ्या तज्ज्ञांनी पाडायचा सल्ला दिला. पागडी, जुनी भाडी, मालक आणि भाडेकरू यांच्यातली कोर्टकज्जांची वर्षं, या सगळ्यात दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा हा एकच प्रश्न सुटला नाही. यादीने पाडायला बंदी केली, पण गळकं छत यादीने बुजत नाही.

आता ज्या मुद्द्यापुढे मी खरोखर थांबतो, तो राहत्या घरांचा. वारसा वारसा म्हणून जे आपण मिरवतो त्याच्या भिंतीपलीकडे माणसं जीव मुठीत धरून राहतात. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडी बाजारातली इमारत कोसळली आणि तीसहून जास्त माणसं गेली. वरळी, नायगाव, ना.म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी या कामगार चळवळीच्या आणि आंबेडकरी चळवळीच्या स्मृतींनी भरलेल्या आहेत, पण तिथली खोली १६० चौरस फुटांची आणि संडास मजल्याच्या टोकाला सामाईक. त्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या बाईला ५०० चौरस फुटांचं घर मिळत असेल तर तिला चाळीचं ऐतिहासिक महत्त्व समजावून सांगणारा मी कोण? २०१२ साली वारसा यादी वाढवायचा मसुदा आला तेव्हा शिवाजी पार्कच्या रहिवाशांनीही विरोध केला, आणि त्यांचं काय चुकलं? जुनं घर तसंच ठेवायची सक्ती तुमच्यावर, पैसा मात्र तुमचाच, आणि शेजाऱ्याचा टॉवर होऊन तो करोडोंचा धनी. असा नियम अन्यायाचा होता. राहत्या घरावर वारशाचा शिक्का मारायचा असेल तर त्या घरातल्या माणसाला आधी त्याची भरपाई दिली पाहिजे, नाहीतर शिक्का मारू नये. इथे मी पाडणाऱ्यांच्या बाजूने आहे.

मात्र या न्यायाचं बोट धरून कॉलेजच्या इमारतींपर्यंत येता येत नाही. चाळ पाडली की तिच्या जागी तिथल्याच माणसांना मोठं घर मिळतं, निदान मिळावं अशी अट असते. कॉलेज हलवलं की तिथल्या मुलांना त्या जागी काय मिळतं? जमिनीचा भाव ज्याच्या हातात येतो त्याचा आणि विद्यार्थ्याचा काही संबंध उरत नाही. मुंबईने स्वतःच एकदा केवढी तरी जुनी वास्तू पाडली आहे, आणि पाडणाऱ्यांचा हा सगळ्यांत चांगला ऐतिहासिक दाखला आहे. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत किल्ल्याची तटबंदी जमीनदोस्त केली गेली. ती पाडली नसती तर ओव्हलभोवतीचं हे दगडी वैभव उभंच राहिलं नसतं. बरोबर आहे. पण तट पाडला कारण शत्रू अडवायचं त्याचं काम संपलं होतं आणि तो शहराचा श्वास कोंडत होता. आणि तट गेल्यावर काय आलं? मैदानं मोकळी राहिली, आणि त्यांच्या कडेने विद्यापीठ, न्यायालय, सचिवालय, तारघर उभं राहिलं. निरुपयोगी भिंत पाडून सगळ्यांच्या उपयोगाची जागा केली. आज जे सुचवलं जातं ते याच्या बरोबर उलट आहे: सगळ्यांच्या उपयोगाची जागा घ्यायची आणि ती विकत घेऊ शकणाऱ्याच्या हवाली करायची. फ्रिअरचं नाव घेऊन ते करू नये.

मुलं आता उपनगरात राहतात, दक्षिण मुंबईत कॉलेज कशाला, हा पुढचा आक्षेप व्यवहारी आहे. विद्यापीठाचे बहुतेक विभाग कालिन्याला गेलेच की. गेले, आणि जायलाच हवे होते. प्रयोगशाळांना, वसतिगृहांना जागा लागते. केंब्रिजनेही कॅव्हेंडिश प्रयोगशाळा १९७४ मध्ये जुन्या गल्लीतून गावाबाहेर नेली, जुनी इमारत मात्र विद्यापीठाच्याच इतर विभागांना दिली. तेवढं आपणही करू शकतो. कालिन्याच्या बाजूने नदीही जाते, मिठी; २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा तिने आपलं नदीपण सगळ्यांना दाखवलं. त्या बाजूला जमीन मोकळी आहे आणि फोर्टात सगळं धोक्याचं आहे असं मानणाऱ्यांनी तो दिवस आठवावा. पण मुख्य गोष्ट अशी की पश्चिम आणि मध्य रेल्वेचे सगळे रस्ते अजून चर्चगेट आणि सीएसएमटीला येऊन मिळतात. विरारच्या मुलीला अंधेरीतलं महागडं खाजगी कॉलेज जवळ आहे, पण परवडणारं नाही. चर्चगेटचं सरकारी कॉलेज लांब आहे, पण पासात बसतं. तिला एशियाटिकच्या पायऱ्या, डेव्हिड ससूनचं वाचनालय, जहांगीर कलादालनाची भिंत, जे.जे.चं प्रदर्शन, उच्च न्यायालयातली खुली सुनावणी हे सगळं चालत जाऊन बघता येतं, फुकट नाहीतर नाममात्र पैशात. इमारतीपेक्षाही हा शेजार कॉलेजचा अर्धा अभ्यासक्रम आहे. तो उपनगरातल्या काचेच्या इमारतीत नेऊन लावता येत नाही.

आता पैशाकडे येतो. राजाबाई टॉवरच्या अलीकडच्या दुरुस्तीचं काम देणगीतून झालं आणि चांगलं झालं. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय महापालिका, एक उद्योगसमूहाचं प्रतिष्ठान आणि जाणकार संस्था यांनी मिळून वर काढलं. देणगी घ्यायला माझी ना नाही, या शहरातली कॉलेजं देणगीवरच उभी राहिली. पण देणगीदाराला समारंभापुरतं काम आवडतं आणि जुनी इमारत मरते ती समारंभ नसलेल्या कामांअभावी. कुठल्याही जुन्या दगडी कॉलेजच्या मागच्या बाजूला जाऊन वर बघा. पन्हळ फुटलेली असते, तिच्यातून पाणी थेट भिंतीवर गळतं, ओल्या भिंतीवर शेवाळ, आणि दोन दगडांच्या सांध्यात पिंपळाचं रोप. रोप वीतभर आहे तोवर दोन बोटांनी निघतं. तीन पावसाळे गेले की मूळ सांध्यात शिरून दगड सरकवतं आणि मग परांची बांधून दगड उतरवावा लागतो. हजाराचं काम लाखावर जातं ते असं. त्यावर उपाय म्हणून सगळ्यांत कमी दराच्या निविदेतून जो ठेकेदार येतो तो दरजांत सिमेंट भरतो. जुनी भिंत चुन्याची. चुना ओल शोषतो आणि उन्हात सोडून देतो. सिमेंट ती आत कोंडतं, आणि पाचसहा वर्षांत दगडाचाच पापुद्रा सुटायला लागतो. चुना महिनाभर मुरवून, चुन्याच्या घाण्यात मळून लावणारे गवंडी अजून मिळतात, पण त्यांची मजुरी सरकारी दरपत्रकात बसत नाही.

म्हणून माझ्या मागण्या फार साध्या आहेत आणि त्यांत कुठे फीत कापायची सोय नाही. प्रत्येक सरकारी वारसा-कॉलेजला देखभालीची वेगळी रक्कम दरवर्षी मिळावी, न खर्चलेली रक्कम परत न जाता साठावी, आणि मे महिन्यात पन्हळी, कौलं, सांधे तपासल्याची नोंद भिंतीवर लावावी. चुन्याच्या कामाला स्वतंत्र दर असावा. जे.जे.च्या आवारात वास्तुकला शिकणारी मुलं आहेत, त्यांना या इमारतींच्या नोंदी ठेवायचं काम अभ्यासक्रमातूनच द्यावं. एल्फिन्स्टनच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, कंपनी सरकारच्या काळापासूनचे कागद तिथे आहेत. इतिहास शिकणाऱ्या प्रत्येक वर्गाने वर्षातून काही तास तरी त्या कागदांसमोर बसावं, म्हणजे ती इमारत कशासाठी लागते हे सांगायला बाहेरचा वकील लागणार नाही. पर्यटकांसाठी रविवार आणि उन्हाळ्याची सुट्टी खुली ठेवावी, त्यातून येणारे पैसे त्याच इमारतीच्या खात्यावर जावेत. आणि वाचनालयं रात्री आठपर्यंत उघडी राहावीत, कारण घरी अभ्यासाला टेबल नसलेल्या मुलाला याहून मोठी सवलत देता येत नाही.

लवकरच या सगळ्याची एक मोठी कसोटी लागणार आहे. उच्च न्यायालयाचं नवं संकुल वांद्रे पूर्वेला व्हायचं ठरलं आहे, आणि ओव्हलवरच्या १८७८च्या इमारतीत जेव्हा जागा मोकळी होईल तेव्हा तिच्याकडे कोणकोण टपून बसलेलं असेल हे सांगायला नको. पंचतारांकित हॉटेलाची कल्पना कोणीतरी मांडेलच, संग्रहालयाची तर नक्कीच. त्या इमारतीला लागून विद्यापीठाचं आवार आहे. १८५५ पासून कायदा शिकवणारं सरकारी विधी महाविद्यालय, जिथे बाबासाहेब प्राचार्य होते, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. न्यायदानाला लागणार नाही अशी प्रत्येक खोली आधी त्यांना देऊ केली पाहिजे, आणि ही मागणी खोल्या रिकाम्या व्हायच्या आत, आजच, लेखी गेली पाहिजे.